एसीपीआय इंटरप्टचा भडिमार

वीजव्यवस्थापनाच्या फर्मवेअरमधील दोषामुळे प्रोसेसरकडे एकाच कारणासाठी पुन्हापुन्हा, कधी सेकंदाला हजारो वेळा, इंटरप्ट येत राहण्याची स्थिती. जाणकारांच्या बोलण्यात ‘जीपीई स्टॉर्म’. लॅपटॉपवर काहीच काम चालू नसताना पंखा घोंघावतो, बॅटरी भराभर उतरते, प्रोसेसरचा एक कोअर सतत गुंतलेला दिसतो आणि गाणे लावले तर आवाज तुटतो. लिनक्सवर अशा वेळी ‘केवर्कर’ नावाचा कर्नलचा धागा यादीत सर्वांत वर असतो, तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘सिस्टिम’ किंवा ‘सिस्टिम इंटरप्ट्स’. ही नावे निरोप आणणाऱ्याची आहेत, निरोप धाडणाऱ्याची नव्हेत. ती पाहून ऑपरेटिंग सिस्टिम पुसून नव्याने टाकणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

१९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आणलेल्या एपीएम पद्धतीत वीज वाचवण्याचा बराचसा कारभार बायोस स्वतःच पाही. डिसेंबर १९९६ मध्ये या दोघांनी तोशिबासह एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि निर्णयाचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. २०१३ पासून हे मानक यूईएफआय फोरमकडे आहे. अधिकार असा सरकला, तरी बोर्डाची अंतर्गत माहिती निर्मात्याकडेच राहिली. झाकण मिटले तर कोणता बिट बदलतो, चार्जर लावला तर काय वाचायचे, हे तो एएमएल या छोट्या भाषेत लिहून फर्मवेअरच्या डीएसडीटी या तक्त्यात ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टिम तो मजकूर जसाच्या तसा चालवते. लिनक्स आणि फ्रीबीएसडी यासाठी इंटेलचा एसीपीआयसीए हा दुभाषी वापरतात, विंडोजचा दुभाषी वेगळा आहे. पुष्कळ निर्माते आपला मजकूर विंडोजवरच तपासून पाहतात. म्हणून फर्मवेअरने ‘तू कोण?’ असे विचारले की लिनक्स ‘विंडोज’ असेच उत्तर देतो. हे खोटे बोलणे कर्नलकारांनी पूर्ण विचारांती स्वीकारले आहे.

एसीपीआयच्या सर्व घटना एससीआय या एकाच इंटरप्टवरून येतात. पीसीवर त्याचा क्रमांक परंपरेने ९ असतो. तो आला की कोणाच्या स्थिती-बिटावर खूण आहे हे कर्नल पाहतो. पॉवर बटणासारखे काही स्रोत ठरलेले असतात, बाकीचे जीपीई म्हणजे सर्वसाधारण घटना. प्रत्येक जीपीईसाठी डीएसडीटीमध्ये छोटी कृती असते. ‘एज’ प्रकारात खूण आधी पुसून मग कृती चालते. ‘लेव्हल’ प्रकारात जीपीई तात्पुरता बंद होतो, कृती चालते, त्यानंतर खूण पुसून तो पुन्हा उघडला जातो. गोची इथेच होते. कृतीने मूळ कारण मिटवलेच नसेल, म्हणजे तार ओढलेलीच राहिली असेल, तर जीपीई उघडताक्षणी खूण परत उमटते. कडी वाजली, दार उघडले, पाहुण्याला काही न विचारता दार लावले, तर कडी पुन्हा वाजणारच.

कोणीच दाद न दिलेल्या इंटरप्टसाठी लिनक्समध्ये संरक्षण आहे: १,००,००० पैकी ९९,९०० हून अधिक वाया गेले तर कर्नल ती वाटच बंद करतो. भडिमारात मात्र प्रत्येक इंटरप्टला रीतसर दाद मिळत असते, त्यामुळे हा पहारेकरी जागा होत नाही.

निदान मोजणीने करावे, तर्काने नव्हे. लिनक्समध्ये ‘प्रोक’खालील ‘इंटरप्ट्स’ या फाइलमध्ये ९ क्रमांकाचा आकडा काही सेकंदांच्या अंतराने दोनदा पाहिला की शंका पक्की होते किंवा मिटते. त्यानंतर ‘सिस’, ‘फर्मवेअर’, ‘एसीपीआय’, ‘इंटरप्ट्स’ या वाटेने गेल्यास प्रत्येक जीपीईची स्वतंत्र फाइल आणि तिच्यात गणना मिळते. धावता आकडा दोषी. एम्बेडेड कंट्रोलरचा, म्हणजे बोर्डावर बॅटरी-कीबोर्ड सांभाळणाऱ्या छोट्या नियंत्रकाचा, जीपीई याला थोडा अपवाद आहे: त्याच्याशी होणाऱ्या प्रत्येक देवाणघेवाणीला इंटरप्ट लागतो, म्हणून त्याची गणना निरोगी यंत्रातही मोठी दिसते. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून पुढच्या यंत्रांत ‘६एफ’ हा क्रमांक, दशमानात १११, वारंवार सापडतो. तो एका उपकरणाचा नाही, अनेक जीपीआयओ पिनांचे ते सामाईक फाटक आहे. म्हणून ‘६एफ सापडला’ एवढ्यावर शोध संपत नाही. थंडरबोल्टचा डॉक, चार्जर, बाहेरचा पडदा एकेक करून काढावा आणि दर वेळी आकडा पाहावा.

उपायांत पहिला मान बायोसच्या नव्या आवृत्तीला. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून पॉवर बटण काही काळ दाबून धरले तर एम्बेडेड कंट्रोलर कोरा होतो, आणि अडकलेली तार कधीकधी एवढ्यानेच सुटते. ते साधले नाही तर त्या जीपीईच्या फाइलमध्ये रूट वापरकर्त्याने ‘डिसेबल’ हा शब्द लिहायचा. पंखा लगेच शांत होतो, पण यंत्र पुन्हा सुरू केले की ही आज्ञा पुसली जाते. कायमसाठी २०१७ च्या ४.१० कर्नलपासून ‘एसीपीआय मास्क जीपीई’ हा बूट-पर्याय आहे. मुका केलेला जीपीई आपली खरी बातमीही देत नाही, हे त्याचे मोल: झाकण मिटल्याचे, चार्जर काढल्याचे यंत्राला कळेनासे होऊ शकते. एम्बेडेड कंट्रोलरच्या जीपीईला तर हात लावूच नये. ‘एसीपीआय ऑफ’ हा जुना सल्ला आज घातकच म्हणावा लागेल, कारण कोअरांची आणि इंटरप्टच्या वाटांची यादीही एसीपीआयच्याच तक्त्यांत असते. आधुनिक यंत्र त्यामुळे बहुधा एका कोअरवर येते.

यापेक्षा अवघड प्रकार एसएमआयचा. इंटेलने १९९० च्या ३८६एसएल प्रोसेसरबरोबर आणलेला हा इंटरप्ट प्रोसेसरला थेट फर्मवेअरच्या ताब्यात देतो, आणि तेवढा वेळ ऑपरेटिंग सिस्टिम गोठलेली असते. ‘इंटरप्ट्स’ फाइलमध्ये त्याची नोंदच नसते. इंटेलच्या नेहालेम पिढीपासून प्रोसेसरमध्येच त्याचा गणक आहे आणि तो ‘टर्बोस्टॅट’ या साधनाने वाचता येतो. हा इंटरप्ट ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवाक्याबाहेरचा असल्याने उपाय बायोसच्या मांडणीत किंवा नव्या आवृत्तीतच शोधावा लागतो. लिनक्ससीएनसीवर लेथ आणि मिलिंग यंत्रे चालवणाऱ्यांना असे क्षणभराचे गोठणेही परवडत नाही. स्टेपर मोटारीचा ठोका चुकला की धातूचा तुकडा वाया जातो, म्हणून ते बोर्डाची विलंब-चाचणी आधी घेतात आणि यंत्राला जोडतात मागाहून.