जंगल किती वाढले?

बँकेतल्या ठेवीचे व्याज तेवढे काढावे आणि मुद्दल राखावे, हा हिशोब आपण वर्गात सहज शिकवतो. जंगलाला तोच हिशोब लावायला गेलो की मात्र अडचण येते. जंगलाचे मुद्दल आणि व्याज एकाच खोडात असतात. झाड उभे असताना यंदाचे लाकूड जुन्यापासून वेगळे काढता येत नाही. मग दरवर्षी किती तोडावे, हे ठरवायचे कसे?

युरोपात हा प्रश्न खाणींमुळे तीव्र झाला. खाणींना आधार द्यायला आणि धातू वितळवायला भरमसाट लाकूड लागे. जर्मनीतील सॅक्सनीत खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली एक ग्रंथ लिहून बजावले, की जेवढे पुन्हा वाढेल तेवढेच तोडावे. पण 'तेवढे' म्हणजे किती? अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मन वनाधिकाऱ्यांनी त्यासाठी कोष्टके तयार केली. झाडांचे वय आणि जमिनीची प्रत ठाऊक असली, की हेक्टरी किती लाकूड मिळेल ते कोष्टकात वाचायचे.

कोष्टक सोयीचे होते, पण त्याला एकाच जातीची, एकाच वयाची झाडे हवी असत. तेव्हा ठिकठिकाणी मिश्र जंगले तोडून स्प्रूसच्या सरळ रांगा लावल्या गेल्या. म्हणजे जंगलासाठी कोष्टक होते, ते कोष्टकासाठी जंगल झाले! पुढे अशा अनेक लागवडींना वादळांनी आणि किडींनी झोडपले.

डोंगरावर तर हा मार्ग अधिकच धोक्याचा. उतारावरची सगळी झाडे एकदम काढली, तर मातीला धरून कोण ठेवणार? फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरील जुरा पर्वतात फर, स्प्रूस आणि बीच ही झाडे एकत्र वाढतात. रोपटे, तरुण झाड आणि म्हातारा वृक्ष शेजारी शेजारी उभे असतात. अशा जंगलाचे वय काय सांगणार?

फ्रेंच वनाधिकारी आदोल्फ गुर्नो यांनी वयाचा प्रश्नच बाजूला ठेवला. जंगल दोनदा मोजा, मधल्या काळात तोडलेले लाकूड त्यात मिळवा आणि वाढ काढा, अशी त्यांची पद्धत होती. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी ती मांडली, पण फ्रेंच वनखात्याने स्वीकारली नाही. सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये आँरी बिओले यांनी ती उचलली. १८९० साली कुव्हे या गावाच्या जंगलात त्यांनी पहिली मोजणी केली.

साधन साधे होते. आपली व्हर्नियर कॅलिपर फूटभराहून मोठी करून लाकडात घडवली तर जशी दिसेल, तसे. ठरावीक जाडीपेक्षा मोठ्या प्रत्येक झाडाचा व्यास जमिनीपासून १.३० मीटर उंचीवर घ्यायचा. व्यासावरून घनफळ काढायचे आणि काही वर्षांनी हे सारे पुन्हा करायचे.

समजा, एका हेक्टरात आरंभी ३५० घनमीटर लाकूड होते. सहा वर्षांनी ते ३५६ भरले आणि मधल्या काळात ४२ तोडले. तर वाढ झाली ३५६ + ४२ – ३५० = ४८, म्हणजे वर्षाला ८ घनमीटर. (या काळात नव्याने मोजण्याजोगी झालेली झाडे यातून वजा करावी लागतात.)

आता यातली मेख पाहा. दुसऱ्या खेपेला ५० सेंटिमीटरचा व्यास सर्वत्र अर्ध्या सेंटिमीटरने जास्त वाचला गेला, तर चूक फक्त १ टक्क्याची. व्यासाचा वर्ग होत असल्याने घनफळात ती २ टक्के होते, म्हणजे सुमारे ७ घनमीटर. पण ४८ च्या वाढीत ७ ची चूक म्हणजे जवळजवळ १५ टक्के! दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत लहान चूक अशी फुगते. म्हणून उंची तीच, मापण्याची रीत तीच आणि घनफळाचे कोष्टकही तेच, हा दंडक होता. उभ्या झाडाचे घनफळ हा अंदाज आहे हे विसरू नये, यासाठी त्याचे एकक 'सिल्व्ह' ठेवले होते. घनमीटर हा शब्द प्रत्यक्ष तोडून मोजलेल्या लाकडासाठी राखला होता.

बिओले यांनी १९२० साली या पद्धतीवर पुस्तक लिहिले आणि तिला प्रयोगपद्धती म्हटले. तोड हा प्रयोग आणि पुढची मोजणी हे त्याचे उत्तर. वाढ घटली, तर पुढच्या खेपेला तोडीत बदल करायचा. कुव्हेच्या जंगलातील मोजण्यांची मालिका शंभराहून अधिक वर्षे चालली.

आम्हांला वाटते, हा प्रयोग शाळेच्या आवारातही करता येईल. भारतात खोडाचे माप १.३७ मीटर उंचीवर घेतात. तेथे खूण करून विद्यार्थ्यांना टेपने घेर मोजू द्या, त्याला ३.१४ ने भागून व्यास काढू द्या. तारीख, झाड आणि मोजणाऱ्याचे नाव वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच खुणेवर मापणारी मुले दुसरी असतील. त्यांच्या हाती ही वही मात्र जरूर द्या.