केशरोपण आणि प्रतीक्षेचें वर्ष

वाशी-नेरूळकडील रुग्णालयांत केशरोपण करवून घरीं परतलेला मनुष्य दोन-तीन आठवड्यांनीं आरशापुढें खिन्न होतो. कारण रोपलेले केस गळूं लागतात. पैसा व क्लेश दोन्ही वायां गेले, असें त्यास वाटतें. या विद्येचा इतिहास मात्र धीर देणारा आहे.

एका जागेची त्वचा दुसऱ्या जागीं जगविण्याची कला महाराष्ट्रास नवी नाहीं. टिपूच्या कैदेंत नाक गमावलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानास पुण्याजवळील एका विटा पाडणाऱ्या जातीच्या कारागिरानें कपाळाच्या त्वचेचें नाक करून दिलें. तें वर्तमान १७९४ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापून आलें. चार दिवस काताचा लेप, मग तुपांत भिजविलेल्या पट्ट्या, आणि पांच-सहा दिवस उताणें निजणें, असें पथ्य त्यांत वर्णिलें आहे.

केसांसह त्वचेचे बारीक तुकडे रोपण्याचे प्रयोग जपानांत शोजी ओकुडा यांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध केले. परंतु महायुद्धाच्या धामधुमींत ते पाश्चात्त्यांस कळले नाहींत. पुढें न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइश यांनीं १९५२ सालीं टकलावर रोपण केलें आणि १९५९ सालीं दाखवून दिलें कीं, डोक्याच्या मागील बाजूचे केस कोठेंही लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडीत नाहींत.

गळतो तो केवळ केस. मूळ त्वचेखालीं विसावा घेत असतें. साधारणतः तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत बारीक कोंब दिसूं लागतात, व पूर्ण फळ कळण्यास सुमारें वर्ष लागतें. म्हणून रोज आरशाशीं झुरण्यापेक्षां महिन्यांतून एकदां, एकाच उजेडांत, छायाचित्र घेऊन ठेवावें. पेरणी झाल्यावर शेतकरी रोज माती उकरून पाहत नाहीं.