कंपनीचे कूळ

परमुलखात व्यापार मांडावयाचा तर पूर्वी तेथल्या राजाची मर्जी संपादावी लागे. सुरतेस वखार घालताना इंग्रजांनाही मोगलांपुढे अर्ज करावा लागला होता. त्याच इंग्रजांनी १८५६ साली आपल्या देशात मोठे सोपे दार उघडले. सात जणांनी घटनापत्रावर सह्या करून कागद निबंधकाकडे दाखल करावेत, की मर्यादित जबाबदारीची कंपनी जन्मास आली! ते सात जण कोणत्या देशाचे, राहतात कोठे, ही चौकशी नाही.

ह्या दारातून १९०५ साली एक जर्मन टायर-कारखाना इंग्लंडात आला. माल जर्मनीत होई, विक्री इंग्लंडात. त्यासाठी तेथे 'कॉन्टिनेन्टल' नावाची स्वतंत्र कंपनी नोंदली. भाग पंचवीस हजार. एक वगळता सारे जर्मनांकडे. संचालकही सगळे जर्मन. उरलेला एक भाग चिटणिसाच्या नावावर. तो मात्र इंग्लंडात राहणारा ब्रिटिश प्रजाजन.

१९१४ साली युद्ध पेटले आणि हे कागदी घर हादरले. टायरांचे पैसे डेम्लर मोटार कंपनीकडे येणे होते. (डेम्लर हे नावही मूळ एका जर्मन यंत्रज्ञाचेच, पण कंपनी इंग्लिश!) कॉन्टिनेन्टलने दावा लावला. डेम्लरने उत्तर दिले, पैसे देणे म्हणजे शत्रूशी व्यवहार करणे. खालच्या दोन्ही न्यायालयांनी नोंदणीचा कागद पाहिला आणि कंपनीस इंग्लिश ठरविले. १९१६ साली उमरावांच्या सभेने हा निकाल फिरविला. कंपनीला स्वतःचे मन नसते. तिला चालविणारे कोण, हे युद्धकाळी पाहिलेच पाहिजे, असे बहुमत पडले.

आम्हांस मात्र दुसरा मुद्दा अधिक बोलका वाटतो. संचालक सारे शत्रूच्या मुलखात. मग दावा लावण्याचा अधिकार चिटणिसास दिला कोणी? कंपनी इंग्लंडात हजर होती, पण तिच्या वतीने बोलणारे माणूसच तेथे उरले नव्हते.

आपल्याकडच्या २०१३ च्या कायद्याने ही अडचण ओळखलेली दिसते. परदेशस्थ माणसास येथे संचालक होता येते. पण निदान एका संचालकाचा वर्षात १८२ दिवस भारतात मुक्काम हवा. इंग्लंडने अशी अट घातलेली नाही. संचालकाने आपली ओळख पटवून द्यावी, एवढे मात्र नोव्हेंबर २०२५ पासून तेथेही सक्तीचे झाले आहे.