एका दिवसाची सहल आणि सोपाऱ्याचे दोन दगड

मी गोखिवऱ्याहून बोलतेय. आज तुम्हाला एका सहलीची गोष्ट सांगायची आहे, आणि सहलीच्या निमित्ताने थोडा इतिहास.

सुरुवात झाली ती आमच्या बचत गटाच्या बैठकीत. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या आणि सगळ्या जणी आमच्या एका काकूंकडे वळल्या. काकू सहा महिने कॅनडात होत्या, विनिपेग नावाच्या शहरात, लेकीच्या बाळंतपणाला. विनिपेग म्हणजे मॅनिटोबा प्रांताची राजधानी. सगळा सपाट मुलूख, गव्हाची शेतं, डोंगर म्हणून दिसायचा नाही. थंडी अशी की नदी गोठते आणि माणसं तिच्यावरून चालतात. बाळंतपण नीट पार पडलं, बाळ रांगायला लागलं, आणि परतायच्या आधी लेक म्हणाली, "आई, एक दिवस तुला शहर दाखवते."

त्या एका दिवसात काकूंनी काय पाहिलं? आधी दोन नद्यांचा संगम पाहिला. रेड आणि असिनिबॉइन या त्या नद्या. तिथले मूळ रहिवासी सुमारे सहा हजार वर्षांपासून या संगमावर जमत आले आहेत. मग एका किल्ल्याचा दरवाजा पाहिला. किल्ला नाही, नुसता दरवाजा! अपर फोर्ट गॅरी नावाचा तो किल्ला १८८०च्या दशकात पाडला, मोठा रस्ता सरळ करायचा होता म्हणून. उरला तो एक दरवाजा. पण तेवढा एक दरवाजा त्यांनी जपलाय आणि भोवती बाग केलीय.

शेवटी लेकीने त्यांना विधानभवनाच्या आवारात नेलं. तिथे टेबलाभोवती जमलेल्या पाच बायकांचे पुतळे आहेत. त्यातल्या एकीचं नाव नेली मॅकक्लंग. १९१४ साली विनिपेगच्या एका नाटकगृहात तिने आणि तिच्या मैत्रिणींनी खोटी विधानसभा भरवली. त्यात सगळे आमदार म्हणजे बायका, आणि पुरुष हात जोडून मताचा हक्क मागायला आलेले! खऱ्या विधानसभेत पुढारी बायकांना जी उत्तरं देत, तीच उत्तरं या बायकांनी पुरुषांना दिली. लोक हसून हसून बेजार झाले. आणि दोनच वर्षांनी, २८ जानेवारी १९१६ रोजी, मॅनिटोबाने बायकांना मताचा हक्क दिला. कॅनडातला तो पहिला प्रांत. पुढे याच पाच जणींनी खटला लढवला, आणि सिनेटवर नेमायच्या 'व्यक्ती' या शब्दात बाईसुद्धा येते, हे १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडून मान्य करून घेतलं. मात्र हेही सांगायला हवं की तिथल्या आदिवासींपैकी बहुतेकांना, बाया आणि पुरुष दोघांनाही, देशाच्या निवडणुकीत बिनशर्त मत मिळायला १९६० साल उजाडलं.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात बायकांना १९२१ साली मत मिळालं, पण मालमत्तेची अट होती. मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या हातात मत आलं ते स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने.

काकूंचं सांगून झालं, आणि आमच्यातल्या एका सुनेने विचारलं, "काकू, उद्या तुमच्या लेकीच्या शेजारीण बाई गोखिवऱ्याला आल्या, तर आपण एका दिवसात त्यांना काय दाखवायचं?"

सगळ्या गप्प. एक जण म्हणाली, "तुंगारेश्वर." दुसरी म्हणाली, "वसईचा किल्ला, पण मी पाहिला नाही." आम्ही बाराजणी होतो. किल्ला आतून पाहिलेल्या निघाल्या चौघी. सोपाऱ्याचा स्तूप पाहिलेली एकही नाही. रोज रिक्षाने नाहीतर लोकलने आपण त्याच्या जवळून जातो!

माझ्या सासूबाई चाळीस वर्षं गोखिवऱ्यात राहिल्या. तेव्हा इथे भातशेती होती, आज तिथे कारखान्यांचे गाळे आणि चाळी आहेत. सासूबाई गावाबाहेर पडल्या त्या चारच कारणांनी: माहेर, बाजार, दवाखाना आणि जत्रा. नुसतं बघायला म्हणून त्या कुठे गेल्या नाहीत. आणि खरं सांगू का, काकू विमानाने कॅनडाला गेल्या, पण त्याही बाळंतपणालाच.

तेव्हा ठरवलं. पुढच्या रविवारी सहल. घरी सांगायचं, "बघायला चाललोय." दुसरं कारण द्यायचं नाही. मी आधी थोडं वाचून वहीत टिपण काढलं.

सकाळी आम्ही नालासोपाऱ्याच्या स्तूपापाशी पोचलो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, विटांचा ढिगारा आहे. गावातली जुनी माणसं याला बुरुड राजाचा किल्ला म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत दगडाची मोठी पेटी निघाली, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडे, तांब्यापासून सोन्यापर्यंत. सोन्याची फुलं होती, मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते, बुद्धाच्या आणि मैत्रेयाच्या मिळून आठ धातूच्या मूर्ती होत्या. हा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. सोपारा म्हणजे तेव्हाचं शूर्पारक, मोठं बंदर. परदेशी खलाशांच्या जुन्या ग्रीक टिपणातही त्याचं नाव आहे. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपलं.

त्याच वर्षी सोपाऱ्यात भगवानलालांना एक तुटका दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत सम्राट अशोकाचा लेख. सव्वादोन हजार वर्षांहून जुना! अशोकाने खडकांवर चौदा मोठे लेख कोरवले, त्यातला हा आठवा. आपला दगड तुटका असला तरी हाच लेख जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी जास्त चांगला राहिलाय, म्हणून मजकूर कळतो. भगवानलाल मूळचे जुनागढचेच. ती लिपी ते त्या गिरनारच्या खडकावरच शिकले होते.

आता या दगडावर काय आहे ऐका. त्यावर सहलीबद्दल लिहिलंय! अशोक सांगतो की आधीचे राजे मौजेच्या सफरींना निघत, शिकार करत. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधगयेला गेलो, आणि तेव्हापासून माझ्या यात्रांचा रंग बदलला. या यात्रेत काय करायचं, तेही तो सांगतो: साधुसंतांना भेटून दान द्यायचं, म्हाताऱ्या माणसांना भेटून मदत करायची, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचं, धर्म सांगायचा आणि विचारपूस करायची. मूळ प्राकृतात 'परिपुच्छा' असा शब्द आहे. आपलं 'पुसणं' त्याच घराण्यातलं. शेवटी तो म्हणतो की यात जो आनंद आहे, तो दुसऱ्या कशात नाही.

दुसरा दगड मिळाला १९५६ साली, भुईगावला. तोही वसई तालुक्यातच. हा नववा लेख, आणि यात आपण आहोत. बायका! आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, असं राजा म्हणतो. आणि पुढे म्हणतो की बायका तर असे पुष्कळ, क्षुल्लक आणि फोल विधी करतात. मंगल कार्य करावं, पण खरं फळ देतं ते धर्माचं मंगल: दासांशी आणि नोकरांशी नीट वागणं, थोरांचा मान ठेवणं, प्राण्यांना जपणं, दानधर्म करणं.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या एक मावशी फणकाऱ्याने म्हणाल्या, "राजाला काय जातंय बोलायला! हळदीकुंकू नसतं तर शेजारणीचं तोंड कधी दिसलं असतं? जत्रा नसती तर उंबरा कधी ओलांडला असता?"

मला वाटतं, मावशींचं म्हणणं त्या दगडाइतकंच ऐकण्याजोगं आहे. घरातल्या नोकराशी नीट वागा हे राजाचं बोलणं आजही पटतं. पण बाईला घराबाहेर पडायला कारण लागायचं, आणि देवाचं कारण कोणी अडवत नसे. म्हणून निर्मळची जत्रा, म्हणून वज्रेश्वरीचं दर्शन. कार्तिकात निर्मळला जाणारी बाई समाधीचं दर्शन घ्यायची, सुकेळी घ्यायची, माहेरच्या माणसांना भेटायची, रडायची, हसायची. राजाच्या यात्रेत जे होतं, तेच सगळं तिच्या जत्रेत होतं. फक्त तिचं कोणी दगडावर कोरलं नाही.

बायकांचं काहीच कोरलेलं नाही असंही नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांत भिक्षुणी आहेत, संसारी बायकाही आहेत. कोणी लेणं दिलं, कोणी पाण्याचं टाकं.

दुपारी भाकऱ्या सोडल्या आणि वसईच्या किल्ल्यात गेलो. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी इथे तटबंदीच्या आत अख्खं शहर वसवलं. चर्च, मठ, मोठमोठे वाडे. ज्या चर्चच्या भिंती आज उघड्या आहेत, त्या वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारण्यात आलं. पुढे ते संत झाले. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा या वसईच्या विजयाशी जोडली जाते. आणि १८०२च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो याच वसईत. पेशवाईचा शेवट तिथून सुरू झाला.

किल्ल्याच्या समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर पडलो. जवळच पाचूबंदर, कोळ्यांची वस्ती. एक म्हातारी कोळीण मासळी सुकवत बसली होती. आम्ही पाटी बघितली, भाव विचारला आणि मग गप्पा लागल्या. ती म्हणाली, "तीस वर्षं पाटी घेऊन या किल्ल्याजवळून गेले. आत थांबून बघितलं नाही कधी. मासळी थांबते का?" मग तिनेच सांगितलं, कोणत्या वाऱ्यात होड्या कुठे लावत, कोणती विहीर गोडी होती, पाण्यासाठी किती पहाटे उठावं लागे. माझ्या वहीतल्या सगळ्या सनावळ्यांत ही विहीर नव्हती.

तेव्हा मला त्या आठव्या लेखाचा अर्थ नीट लागला. म्हाताऱ्यांना भेटायचं, लोकांना भेटायचं, विचारपूस करायची. नुसतं बघून इतिहास अर्धाच कळतो, उरलेला अर्धा विचारावा लागतो. आणि तो म्हाताऱ्या बायांबरोबर रोज थोडा थोडा निघून चाललाय.

परतीच्या बसमध्ये मी मैत्रिणींना खाडीपलीकडच्या कल्याणची आठवण दिली. त्या कल्याणात लहानाची मोठी झालेली आनंदीबाई जोशी १८८३ साली एकटी बोटीने अमेरिकेला गेली, डॉक्टर व्हायला. पंडिता रमाबाई तिच्या पदवीदान समारंभाला १८८६ साली तिथे गेल्या, देशभर फिरल्या, आणि परत आल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या बायका काय करतात, संस्था कशा चालवतात, हे त्यांनी डोळसपणे पाहिलं आणि घरच्या बायकांसाठी लिहून ठेवलं. बाई बघायला गेली की सगळ्यांसाठी बघून येते.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "विनिपेगला एक दरवाजा जपलाय, तर तो बघायला मी गेले. इथे सबंध किल्ला आहे आणि मला सासरी येऊन पस्तीस वर्षं झाली."

मैत्रिणींनो, अशोकाचे ते दोन दगड आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. आमची पुढची सहल तिकडे. तोवर तुमच्या गटालाही एक काम सांगते. पुढच्या बैठकीत हप्ते झाले की विचारा, आपल्या गावात पाहुणी आली तर एका दिवसात तिला काय दाखवू? देऊळ, चर्च, दर्गा, तळं, जुनी विहीर, आदिवासी पाड्यावरची गावदेवी. मग एक दिवस ठरवून तिथे जा. वही बरोबर न्या. तिथली सगळ्यात म्हातारी बाई शोधा, तिच्याजवळ बसा, आणि ती सांगेल ते तिच्या नावासकट लिहून ठेवा. आणि निघताना घरी कोणी विचारलं, कशाला चाललात, तर सांगा: बघायला चाललोय.