घरच्या घरी भारोत्तोलन: जागा, साधने आणि सुरक्षितता

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि व्यायामशाळांचे दरवाजे बंद झाले. केंद्र सरकारने प्रतिबंधित क्षेत्रांबाहेरील व्यायामशाळांना ५ ऑगस्ट २०२० पासून परवानगी दिली. महाराष्ट्रात मात्र त्या २५ ऑक्टोबर रोजी, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. त्या काळात अनेकांनी घरातच वजने आणून सराव सुरू केला आणि पुढेही तो कायम ठेवला.

डंबेलची एक जोडी आणि चटई यांवर हलका व्यायाम होऊ शकतो. शंभर किलो किंवा त्याहून अधिक भार उचलण्याचा नियमित सराव घरात करावयाचा असल्यास तयारी वेगळी लागते. सार्वजनिक व्यायामशाळेत चूक झाल्यास मदतीला धावणारे कोणीतरी असते आणि जमीनही त्याच कामासाठी बांधलेली असते. घरात या दोन्ही गोष्टी नसतात. त्यामुळे घरातील व्यायामशाळेचा विचार खरेदीपासून नव्हे, तर या दोन उणिवा भरून काढण्यापासून सुरू करावा लागतो.

दोन खेळ, दोन गरजा

वजन उचलण्याचे दोन प्रमुख क्रीडाप्रकार आहेत. ऑलिंपिकमधील भारोत्तोलनात स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या दोन प्रकारे बार डोक्यावर नेला जातो. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हे तीन प्रकार असतात.

भारोत्तोलनाचा समावेश १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये होता. महिलांना मात्र त्यासाठी २००० च्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत वाट पाहावी लागली. त्याच स्पर्धेत कर्णम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो वजनगटात एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळवले आणि ऑलिंपिक पदक जिंकणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान त्यांना मिळाला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानू यांनी ४९ किलो गटात २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक पटकावले.

घरासाठी साधने निवडताना हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये बार नियंत्रणात खाली आणता येतो, म्हणून मजबूत रॅक सर्वांत महत्त्वाचा. भारोत्तोलनात फसलेला बार उंचावरून सोडून द्यावा लागतो, म्हणून मोकळी जागा आणि आघात सोसणारी जमीन सर्वांत महत्त्वाची.

जमीन आणि स्लॅब

भारतीय मानकांनुसार राहत्या घरातील खोल्यांचा स्लॅब प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार गृहीत धरून आखला जातो. २.४ मीटर लांब आणि तितक्याच रुंद जागेवर हा हिशेब साडेअकराशे किलोच्या आसपास जातो. रॅक, लाकडी फलाट, दोनशे किलोच्या प्लेट आणि व्यायाम करणारी व्यक्ती यांचे एकत्रित वजन साधारणपणे त्याच्या निम्म्यापर्यंत भरते. चांगल्या स्थितीतील इमारतीत स्थिर वजनामुळे सहसा अडचण येत नाही.

अडचण येते ती आघातामुळे. एक मीटर उंचीवरून पडलेला १०० किलोचा बार एक सेंटिमीटर अंतरात थांबला, तर जमिनीवर येणारे सरासरी बल त्या वजनाच्या सुमारे शंभरपट असते. तोच बार पाच सेंटिमीटर अंतरात थांबला, तर हे बल वीसपटीच्या आसपास येते. जाड रबर आणि लाकूड यांचे काम एवढेच, की थांबण्याचे हे अंतर वाढवावे आणि आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरवावा. तालमीतील लाल मातीचा मऊ हौदा पहिलवानाचे अंग ज्या कारणाने वाचवतो, तेच हे कारण होय.

त्यामुळे बार वरून टाकावा लागणारा सराव तळमजल्यावर, थेट जमिनीवर टेकलेल्या फरशीवरच करणे इष्ट ठरते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी रॅकमधील नियंत्रित व्यायामापुरतेच मर्यादित राहावे. इमारत जुनी असल्यास किंवा स्लॅबला तडे व गळती असल्यास संरचना अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय जड सामान चढवू नये. गच्ची मोकळी असली तरी योग्य जागा नव्हे. तेथील कोब्याला तडा गेल्यास पावसाळ्यात पाणी थेट खालच्या घरात झिरपते.

गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरील कुटुंबाशी आधीच बोलून सरावाची वेळ ठरवणे हिताचे असते. रबरामुळे आवाज कमी होतो, पण स्लॅबमधून पोहोचणारा हादरा पूर्णपणे थांबत नाही.

फलाट कसा तयार करावा

स्पर्धेतील भारोत्तोलनाचा फलाट चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद असतो. घरासाठी आठ फूट बाय आठ फूट आकार पुरतो आणि बाजारात मिळणाऱ्या आठ बाय चार फुटांच्या प्लायवुडमधून तो सहज तयार होतो.

सर्वांत खाली १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीचे दोन तक्ते शेजारी ठेवावेत. त्यांवर आणखी दोन तक्ते आडवे टाकावेत, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. तिसऱ्या थरात मध्यभागी एक तक्ता उभे राहण्यासाठी आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, जेथे प्लेट टेकतात तेथे, दोन फूट रुंदीचे व तितक्याच जाडीचे रबर बसवावे. प्लेट आदळतात त्या पट्ट्यात स्क्रू मारू नयेत आणि इतरत्र मारलेल्या स्क्रूचे डोके वर राहणार नाही याची खात्री करावी. किनारपट्टीवर आणि जास्त पावसाच्या भागात साध्या प्लायऐवजी मरीन प्लाय घेणे योग्य. साधा प्लाय ओलाव्याने फुगतो आणि पायाखालची पातळी बिघडते.

उंची, रुंदी आणि छताचा पंखा

पुरुषांच्या स्पर्धेतील बार २.२ मीटर लांब असतो. दोन्ही टोकांना प्लेट चढवण्यासाठी किमान ६० सेंटिमीटर मोकळी जागा धरल्यास खोलीची रुंदी ३.४ मीटर, म्हणजे सुमारे ११ फूट लागते.

छताची उंची मोजण्याची पद्धत सोपी आहे. सरावाचे बूट घालून झाडूचा दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर पूर्ण ताणून धरावा आणि दुसऱ्या व्यक्तीकडून जमिनीपासूनची उंची मोजून घ्यावी. तीत प्लेटची त्रिज्या २२.५ सेंटिमीटर, फलाटाची जाडी साडेपाच सेंटिमीटर आणि किमान १५ सेंटिमीटर सुरक्षित अंतर मिळवावे. येणारी बेरीज छतापेक्षा कमी हवी.

येथे अनेकांच्या नजरेतून सुटणारी बाब म्हणजे छताचा पंखा. त्याची पाती छतापासून फूटभर किंवा अधिक खाली असतात. डोक्यावर नेलेला बार फिरत्या पात्यांना लागल्यास गंभीर अपघात होऊ शकतो. फलाटावरील पंखा काढून भिंतीवरचा पंखा लावणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

बार आणि प्लेट

स्पर्धेतील पुरुषांच्या बारचे वजन २० किलो आणि पकडीची जाडी २८ मिलिमीटर असते. महिलांचा बार १५ किलोचा, २.०१ मीटर लांब आणि २५ मिलिमीटर जाडीचा असतो. लहान तळव्याला पातळ बारची पकड अधिक पक्की बसते. दोन्ही बारच्या टोकांचा व्यास ५० मिलिमीटर असल्याने प्लेट समान चालतात.

बाजारात स्वस्त मिळणारे एक इंची रॉड हलक्या व्यायामासाठी ठीक असतात. जड वजनाखाली ते वाकतात आणि एकदा वाकलेला रॉड भरवशाचा राहत नाही. भारोत्तोलनाच्या बारची टोके मधल्या दांड्यापासून स्वतंत्रपणे फिरतात. हे फिरणे नीट नसेल, तर बार खांद्यावर घेताना प्लेटची गती मनगटावर आणि कोपरावर येते.

स्पर्धेतील मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो आणि रंगावरून वजन ओळखता येते. लाल २५, निळी २०, पिवळी १५ आणि हिरवी १० किलोची असते. या मापाची प्लेट लावली की जमिनीवरील बार २२.५ सेंटिमीटर उंचीवर राहतो. लहान व्यासाच्या लोखंडी प्लेट लावल्यास बार खाली जातो आणि तो धरताना कंबर वाकण्याची शक्यता वाढते. अशा वेळी प्लेटखाली लाकडी ठोकळे ठेवून उंची साधावी.

वरून टाकावयाच्या बारसाठी रबराच्या बंपर प्लेट आवश्यक आहेत. सुरुवातीला २० किलोचा बार आणि १.२५, २.५, ५, १० व २० किलोची प्रत्येकी एक जोडी घेतल्यास एकूण ९७.५ किलोपर्यंत भार लावता येतो. पुढे २० किलोच्या जोड्या वाढवाव्यात. छापील आकड्यावर विसंबून न राहता प्रत्येक प्लेट काट्यावर तोलून घ्यावी. एका बाजूला अर्धा किलो जास्त असेल, तर जड भाराखाली शरीर नकळत एका बाजूला झुकते.

एकट्याने सराव करताना

घरातील सरावात सर्वाधिक धोका बेंच प्रेसमध्ये आहे. स्क्वॉटमध्ये फसलेली व्यक्ती बाजूला होऊ शकते. डेडलिफ्टमध्ये बार सोडून देता येतो. बेंचवर मात्र बार छातीवर किंवा गळ्यावर येतो आणि खालून निसटण्यास वाट राहत नाही. म्हणून आडव्या सुरक्षा दांड्यांच्या रॅकशिवाय एकट्याने जड बेंच प्रेस करूच नये.

हे दांडे बसवण्याची उंची काळजीपूर्वक ठरवावी लागते. छाती फुगवून झोपल्यावर बार छातीला टेकला पाहिजे, पण दांड्यांना लागता कामा नये. छाती सैल सोडून पाठ सपाट केल्यावर बारचा भार दांड्यांवर गेला पाहिजे. गळा आणि चेहरा दांड्यांच्या पातळीखाली असणे अत्यावश्यक आहे. ही चाचणी रिकाम्या बारने आधी करावी आणि बेंच किंवा रॅक हलवल्यास पुन्हा करावी. अंगठा बारभोवती पूर्ण गुंडाळलेला असावा. अंगठा न गुंडाळता धरलेला बार तळहातावरून घसरू शकतो.

स्क्वॉटसाठी दांडे सर्वांत खालच्या बैठकीत बार जेथे पोहोचतो त्याहून दोन ते पाच सेंटिमीटर खाली ठेवावेत. रॅक जमिनीला किंवा फलाटाला बोल्टने घट्ट बसवावा. भाड्याच्या घरात फरशीला भोके पाडता येत नसल्यास तो फलाटालाच जोडणे सोयीचे ठरते. प्लेट उतरवताना एक बाजू पूर्ण रिकामी करू नये. दुसऱ्या बाजूच्या वजनाने बार उलटून अंगावर येऊ शकतो.

स्नॅच आणि जर्क रॅकबाहेर केले जातात. फसलेला बार पुढे किंवा मागे टाकून त्यापासून दूर होण्याचे तंत्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकल्याशिवाय हे प्रकार घरी करू नयेत. फलाटाच्या मागे बेंच, प्लेट किंवा काचेचा आरसा ठेवू नये.

सराव चालू असताना खोलीचे दार आतून कडी लावून बंद करू नये. घरातील एखाद्या व्यक्तीला वेळ सांगून ठेवावी आणि दूरध्वनी हाताच्या अंतरावर असावा. लहान मुले असलेल्या घरात भिंतीला टेकवून ठेवलेली प्लेट हा मोठा धोका असतो. प्लेट स्टँडवर अडकवूनच ठेवाव्यात आणि सराव नसताना खोलीला कुलूप लावावे.

जड वजन उचलताना श्वास रोखल्याने रक्तदाब काही क्षण मोठ्या प्रमाणात वाढतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा सराव सुरू करू नये.

देखभाल

दमट हवेत बारवर गंज लवकर चढतो. हाताला लावलेली खडूची भुकटी दातेरी खाचांमध्ये साचते आणि ओलावा धरून ठेवते. प्रत्येक सरावानंतर नायलॉनच्या ब्रशने ती झाडावी, कोरड्या कापडाने बार पुसावा आणि पावसाळ्यात मशीन ऑइलचा पातळ हात फिरवावा.

महिन्यातून एकदा रॅकचे बोल्ट आवळावेत आणि जोडकामाला तडा गेला आहे का, ते पाहावे. बार वाकला आहे का हे तपासण्यासाठी रिकामा बार रॅकवर ठेवून मधला दांडा हळूहळू फिरवावा. टोके वरखाली डुलत असतील, तर तो वाकलेला आहे. वापरलेले सामान विकत घेतानाही हीच चाचणी करावी. जुन्या लोखंडी प्लेट निर्धास्त घेता येतात. जुना बार मात्र तपासूनच घ्यावा.

खर्चाचा क्रम

पैसे मर्यादित असतील, तर पहिला खर्च काही महिन्यांच्या प्रशिक्षणावर करावा. त्यानंतर फलाट, मग सुरक्षा दांड्यांसह रॅक, मग चांगला बार आणि शेवटी गरजेपुरत्या प्लेट व बेंच असा क्रम ठेवावा. प्लेट वर्षानुवर्षे थोड्या थोड्या वाढवता येतात. सुरक्षा दांडे मात्र पहिल्या दिवसापासून जागेवर असावे लागतात, कारण बार कोणत्या दिवशी फसेल हे आधी ठरलेले नसते.