'विंडन'चे मूळ भिंतीत

वेल काठीभोवती चढते, नदी वळसे घेत जाते, वेदनेने माणूस अंग पिळवटून घेतो. जर्मन भाषेत या तिन्हींना एकच क्रियापद चालते : 'विंडन'. आपण घाटरस्त्याला नागमोडी म्हणतो, तसे जर्मनांकडेही सापावरून, म्हणजे 'श्लांगं'वरून, 'श्लेंगल्न' हे क्रियापद आहे. त्यातला साप लगेच दिसतो. 'विंडन'मधले चित्र मात्र शोधावे लागते.

ते सापडते भिंतीत. जर्मनमध्ये भिंतीला दोन शब्द आहेत. 'माउअर' म्हणजे दगडविटांची भिंत. हा शब्द लॅटिन 'मुरुस'वरून आला. कौल, चुना, खिडकी यांची जर्मन नावेही लॅटिनच. रोमन गवंडीकामाबरोबर शब्दही आले. त्यापूर्वीचे घर कसे होते? जर्मानिक लोक दगड आणि कौले वापरत नाहीत, असे टॅसिटसने इ. स. 98च्या सुमारास नोंदवले आहे. भिंतीचा दुसरा, देशी शब्द 'वांट' हा बहुतेक व्युत्पत्तिकार 'विंडन'शी जोडतात : खुंटांमधून लवचीक फांद्या गुंफायच्या आणि वर माती लिंपायची. कोकणातला कूड ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. शब्दाबरोबर वस्तूही तपासा, असा आग्रह रुडोल्फ मेरिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरला. 1909 साली त्यांनी काढलेल्या नियतकालिकाचे नावच 'शब्द आणि वस्तू' असे होते. माझ्या मते व्युत्पत्तीच्या अभ्यासाला लागलेले ते सर्वांत शहाणे वळण.

दुसरा धागा कापडाचा. चौथ्या शतकातल्या वुल्फिलाच्या गॉथिक बायबलमध्ये मरिया बाळाला गुंडाळते, तिथे याच धातूचे 'बिविंडन' हे क्रियापद येते. लुथरच्या 1522च्या भाषांतरात त्याच बाळाच्या कपड्यांना 'विंडल्न' म्हटले आहे. आज 'विंडेल' म्हणजे लंगोट, डायपर. 'वेंडन' म्हणजे वळवणे, 'वांडर्न' म्हणजे भटकणे, हीसुद्धा त्याच घरची.

'विंट' म्हणजे वारा मात्र या घरचा नव्हे. तो आपल्या 'वात'चा, लॅटिन 'व्हेंतुस'चा भाऊबंद. त्याचे मूळ 'वाहणे'. इंग्रजीत तर 'विंड' आणि 'वाइंड' यांचे स्पेलिंगही एकच. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्त्या रचणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींनी ही जोडी जरूर तपासून पाहावी.