मर्सरची प्रक्रिया आणि सुताची चकाकी

सुती धाग्याला रेशमासारखी चकाकी देणारी मर्सरायझिंगची प्रक्रिया ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या जॉन मर्सरच्या हाती ती चकाकी कधी लागलीच नाही. त्याला मिळाले ते आटलेले, दाट झालेले आणि अधिक बळकट कापड, आणि तेथून चकाकीपर्यंत पोहोचण्यास इंग्लंडच्या वस्त्रव्यवसायाला सुमारे ४५ वर्षे लागली.

मर्सरचा जन्म १७९१ साली लँकेशायरमधील ग्रेट हारवुड येथे हातमागावर विणणाऱ्या घरात झाला. बालवयातच कांड्या भरण्याच्या कामाला लागलेल्या या माणसाने रसायनशास्त्र शाळेत नव्हे, तर जुन्या पुस्तकांच्या आणि रंगाच्या पिंपांच्या सहवासात आत्मसात केले आणि पुढे ओकनशॉ येथील कापडछपाईच्या कारखान्यात तो भागीदार झाला. १८४४ साली कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण सुती कापडातून गाळत असताना कापड फुगून जाड व अर्धपारदर्शक झाल्याचे आणि लांबीरुंदीत आटल्याचे त्याच्या लक्षात आले; शिवाय गाळून खाली आलेला द्रव मूळ द्रवापेक्षा हलका भरला. हे दुसरे निरीक्षणच खऱ्या रसायनज्ञाचे होते, कारण द्रवातून कमी झालेला सोडा कापडानेच धरून ठेवला असला पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघत होता. १८५० साली त्याने या प्रक्रियेचे पेटंट घेतले आणि त्यात कॉस्टिक सोड्याबरोबरच गंधकाम्ल व झिंक क्लोराइड यांचाही समावेश केला.

असे कापड रंग अधिक गडद धरत असे व ताणालाही अधिक टिकत असे, तरीही व्यापाऱ्यांनी ते उचलले नाही. कापड वारावर विकले जाई आणि या प्रक्रियेत त्याची लांबी पाचव्या ते चौथ्या हिश्शाने घटत असे. त्यात कॉस्टिक सोडाही त्या काळी स्वस्त नव्हता. शोध फसला नव्हता, त्याचा हिशेब जमत नव्हता, आणि उद्योगाच्या इतिहासात हे दोन वेगळे मानणे न्यायाचे ठरते.

ही कोंडी फोडली ती होरेस लोव याने. १८८९ आणि १८९० मधील पेटंटांत त्याने कापड सोड्यात असताना ताणून धरण्याची किंवा सोडा धुऊन निघण्यापूर्वी पुन्हा मूळ लांबीपर्यंत ओढण्याची पद्धत मांडली, आणि आटणे थांबताच सुतावर टिकाऊ चकाकी आली. मात्र या वेळीही गिऱ्हाईक पुढे आले नाही व लोवने पेटंट चालू ठेवले नाही. काही वर्षांतच जर्मनीतील क्रेफेल्ड या रेशमाच्या गावी टॉमस आणि प्रेव्होस्ट हे रंगारी रेशीम व सूत एकत्र विणलेले कापड रंगविताना त्याच परिणामाशी पोहोचले, आणि त्यांच्यामुळे ही पद्धत १८९५ नंतर युरोपभर पसरली. त्यांच्या पेटंटाचा हक्क मात्र लोवच्या आधीच्या पेटंटामुळे टिकला नाही.

केवळ ताणाने एवढा फरक का पडतो, हे कापसाच्या रचनेतून उलगडते. कापसाचा तंतू मुख्यतः सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोजची एकके हजारोंच्या संख्येने ओळीने जोडून बनलेल्या लांब साखळ्यांचा असतो. बोंड उकलल्यावर तंतू वाळतो, त्याची आतली पोकळी बसते आणि तो पिळलेल्या चपट्या फितीसारखा होतो, त्यामुळे त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. तीव्र सोडा साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना दूर सारतो, तंतू फुगून गोल होतो व त्याचा पीळ उलगडतो. सोडा धुऊन निघाल्यावर सेल्युलोज सेल्युलोजच राहते, पण त्याच्या साखळ्या पूर्वीपेक्षा वेगळ्या मांडणीने बसतात आणि रंगाला आत शिरण्यास अधिक वाव मिळतो. मोकळे सोडलेले कापड फुगताना आखडून सुरकुतते, तर ताणलेल्या कापडातील तंतू गुळगुळीत, सरळ दांड्यांप्रमाणे राहून प्रकाश एकाच दिशेने परतवितात.

म्हणूनच मर्सरायझिंगच्या यंत्रात कापडाचे दोन्ही काठ चिमट्यांच्या साखळीत धरलेले असतात आणि ती पकड द्रावणापाशी सुटत नाही. ताणलेल्या अवस्थेतच कापडावर पाण्याचे फवारे सोडले जातात व बराचसा सोडा निघून गेल्यावरच काठ मोकळे होतात, कारण तो आत असताना पकड सैल झाली तर कापड पुन्हा आटते आणि चकाकी जाते.